स्टेजसमोरून उठा

"आरं बाळा, वाईच बाजूला हो की. माझी नात वर चाललीया."

मी हललो. कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता, अर्धं पाऊल. तेवढ्यात नातीच्या हातात प्रमाणपत्र पडलं, तिने आणि पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बटण दाबलं, नात पायऱ्या उतरली. मागे वळलो तर आज्जी परत खुर्चीत बसत होत्या. पोरीच्या आयुष्यातले ते सात-आठ सेकंद बघायला त्या आल्या होत्या आणि त्यांना दिसली माझी पाठ.

आटपाडी तालुक्यातला पदवी वितरणाचा कार्यक्रम होता. उघड्यावर, संध्याकाळचा. माझ्या शेजारी आणखी दोन फोटोवाले, एक गिंबलवाला, एक रील काढणारा आणि मोबाईल उंचावलेले आठ-दहा भाऊ-मित्र. आम्ही सगळे मिळून एक भिंत झालो होतो. तो फोटो चांगला आला, संस्थेने फ्रेम केला. मला तो बघवत नाही.

म्हणून सरळच सांगतो. समारंभात स्टेजसमोर उभा राहणारा फोटोग्राफर हा मागे बसलेल्यांच्या ताटातलं उचलतो. तेही अशा काळात, जेव्हा लांबून फोटो काढण्याचं साधन त्याच्या बॅगेत पडलेलं असतं. ७०-२०० ची लेन्स लोक घेतात, प्री-वेडिंगला मागचं डाळिंबाचं रान धूसर करायला वापरतात आणि जिथे तिची खरी गरज आहे तिथे चोवीसची लेन्स लावून पाहुण्यांच्या नाकापुढे जाऊन उभे राहतात.

शिवाजी विद्यापीठाचा मुख्य दीक्षान्त समारंभ कोल्हापूरला होतो. आटपाडीहून ते शंभराहून जास्त किलोमीटर. म्हातारीकोतारी, लहान पोरं, घरची जनावरं कुणाच्या तरी हवाली करून आख्खं घर तिकडे कोण नेणार? म्हणून आपल्याच आवारातला हा छोटा कार्यक्रम मोठा असतो. शंकरराव खरात याच आटपाडीचे. 'तराळ-अंतराळ' मध्ये त्यांनी लिहिलेली वाट महारवाड्यातून, गावकीच्या कामातून सुरू होते, आणि तोच मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो, म्हणजे पदव्या देणाऱ्या खुर्चीत बसतो. अशा गावात मागच्या रांगेतली माणसं 'प्रेक्षक' नसतात. त्या कागदात त्यांचाही वाटा असतो. (भाड्याचा काळा गाऊन आणि ती चौकोनी टोपी मला आवडत नाही. जयराम रमेश यांनी २०१० मध्ये भोपाळच्या एका दीक्षान्त समारंभात गाऊन उतरवला होता. पण कुणाची आई त्या गाऊनची बाही दोन बोटांत धरून बघते, तेव्हा मी गप्प बसतो.)

आता फोटोग्राफर मित्र काय म्हणतात ते बघू. "संध्याकाळी लांबून फोटो येत नाही." येतो. मांडवाच्या कडेला, स्पीकरच्या खांबाजवळ, साधारण पाचव्या रांगेच्या बाजूला उभे राहा. तिथून स्टेज पंधरा मीटर धरू. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरला त्या अंतरावर जवळजवळ पावणेतीन मीटर रुंदी चौकटीत येते. देणारा, घेणारी, मधला कागद, सगळं मावतं. एफ २.८ ला फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम मीटरभर, पण दोघं शेजारी उभे असतात, चालून जातं. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथून नुसती मान वळवली की बसलेल्यांचे चेहरे दिसतात. पार मागून दिसली असती फक्त डोकी आणि पाठी.

उजेडाची अडचण खरी आहे. फेब्रुवारीत आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यानंतरची वीसेक मिनिटं निळसर उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखा पडतो, आणि नेमक्या त्याच वीस मिनिटांत पाहुणे यायचे असतात. ते येतात तेव्हा अंधार पडलेला, एका बाजूला पिवळा हॅलोजन, दुसऱ्या बाजूला पांढरा एलईडी. फ्लॅशचा उपयोग नाही. अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथाई होतो, पंधरा मीटरवर तो पुढच्या काकांच्या टकलावरच संपतो. वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि शटर फार वेगात ठेवलं तर फोटोवर पट्टे उमटतात. मी तिथे १/१०० ठेवतो, मोनोपॉड लावतो, आयएसओ ६४०० पर्यंत जाऊ देतो. टाळ्या वाजवणारे हात थोडे हलतात. हलू देत.

"दाणे येतात हो!" येतात. पण हे फोटो बघतं कोण आणि कुठे? खानापूर-आटपाडीकडची किती घरं गलाईच्या धंद्यामुळे देशभर पांगलेली आहेत. बाप तमिळनाडूत किंवा केरळात सोनं गाळतोय, दुकान बंद ठेवता येत नाही, मुलीच्या पदवीला तो नाही. त्याला फोटो जातो व्हॉट्सअॅपवर. व्हॉट्सअॅप तो आकसून टाकतं, मोबाईलच्या पडद्यावर तुमचे दाणे उरत नाहीत. उरतो चेहरा. तो चेहरा कुणाचा पाठवायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि आपण पाठवतो काय? "सर, इकडे बघा!" अडीचशे पोरांचे अडीचशे फोटो, सगळ्यांत पाहुणा मधोमध, हसू तेच, नजर कॅमेऱ्यात. देणारा घेणारीकडे बघत नाही, घेणारी देणाऱ्याकडे बघत नाही. दोघंही मला बघतात. एका अनोळखी माणसाकडे! संस्थेला तोच फोटो हवा असतो हे मान्य, पेपरला द्यायचा असतो. काढा, तोही काढा, बाजूला उभं राहून निघतो.

खरा क्षण कागद हातात पडतो तेव्हाचा नसतो. माइकवरून नाव उच्चारलं जातं तेव्हाचा असतो. पूर्ण नाव, मधलं बापाचं नाव धरून. पोरगी अजून रांगेतच असते, पण मागे कुठेतरी एक बाई पदर सावरते, शेजारणीला कोपर मारते. कुणी उगाच घसा खाकरतं. पोरगी स्टेजवर पोचेपर्यंत ती बाई मोबाईल शोधायला लागलेली असते, क्षण गेलेला असतो. समोर उभ्या असलेल्या फोटोवाल्याची त्या बाईकडे पाठ असते. कार्यक्रमभर.

माझ्या या मताविरुद्धचा सगळ्यात चांगला पुरावा मीच तयार केलाय, तोही सांगतो. अशाच एका कार्यक्रमात लांबून एका माणसाचा फोटो काढला. नाव पुकारल्यावर टॉवेल तोंडावर धरून रडत होता. फोटो जबरदस्त. त्याच रात्री मी तो माझ्या इन्स्टाग्रामवर टाकला, सकाळपर्यंत लाइक्सचा पाऊस. दुपारी पोराचा फोन. "दादा, तेवढा फोटो काढा तिथनं. अण्णा घराबाहेर पडंनात." लांबची लेन्स माणसाला न कळता त्याच्याजवळ जाते, आणि न कळता जाणं याला आपल्याकडे चोरी म्हणतात. फोटो काढून टाकला. अण्णांना भेटायला गेलो तर चहा दिला, फोटोचा विषय काढला नाही. तेव्हापासून प्रेक्षकांतला एकही चेहरा मी आधी घरच्यांना दाखवल्याशिवाय कुठे टाकत नाही. प्रिंट काढून देतो. निम्म्यांना तो फक्त घरातच हवा असतो.

पण यावर "मग लांबून काढूच नका" हे उत्तर नव्हे. जवळून काढताना आपण विचारतो असं थोडंच आहे? तिथे तर वर रस्ताही अडवतो.

मोबाईलवाल्यांना दोन शब्द. अंधारात पाचपट झूम केला की बरेच फोन आतली छोटी टेली लेन्स बाजूला ठेवतात आणि मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतात. म्हणून तो असा चिखलासारखा येतो. त्यासाठी पुढे धावू नका, बसा आणि डोळ्यांनी बघा. बहिणीला तुम्ही खुर्चीतून हात हलवलेला जास्त दिसतो. आणि ज्यांना मोठी लेन्स परवडत नाही त्यांनी ८५ ची एफ १.८ बघावी, क्रॉप बॉडीवर ती बऱ्यापैकी लांब जाते आणि अंधारात झूमपेक्षा जास्त उजेड घेते.

यंदाच्या कार्यक्रमाचं काम घेताना मी एकच अट घातली आहे. स्टेजपुढची पंधरा फूट जागा रिकामी, सुतळी बांधून. सरांनी विचारलं, "पाहुण्यांचा फोटो नीट नाही आला तर?" म्हटलं, पैसे देऊ नका. ते हो म्हणाले. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसोबत आलेल्या मंडळींना न देता आज्ज्यांना द्या, हे सांगायचं अजून बाकी आहे. ते जरा जड जाणार आहे.