कोकाकोला गेला, सोडा कोणी सोडला?

१/ उन्हाळा लागला की एक संदेश हमखास फिरू लागतो : १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी कोकाकोलाला देशाबाहेर हाकलले, आजच्या पिढीत तेवढे धैर्य नाही. सोडा टाकून देशी पेये प्यावीत, हा उपदेश त्याच्या शेपटीला बांधलेला असतो. उपदेश ग्राह्य आहे. त्यासाठी दिलेला इतिहासाचा दाखला मात्र टिकणारा नाही.

२/ कंपनीला ज्या कायद्याने कोंडीत धरले, तो परकीय चलन नियमन कायदा, म्हणजेच 'फेरा', १९७३ सालचा. इंदिरा गांधींच्या कारकिर्दीतला. परकीय कंपन्यांनी भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, ही त्यातील अट. जनता सरकारचे उद्योगमंत्री म्हणून फर्नांडिस यांनी ती रेटली, हे खरे. कंपनीने पेयाचे गुप्त सूत्र हाती देण्यास नकार दिला आणि गाशा गुंडाळला. हा वाद मालकीचा होता. ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, हा त्या वादाचा विषयच नव्हता.

३/ मग रिकाम्या जागी काय आले? ताक? पन्हे? मुळीच नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सूत्र तयार केले आणि सरकारी 'मॉडर्न बेकरीज'ने बाजारात आणले ते 'डबल सेव्हन', म्हणजे पुन्हा एक कोलाच! नावात जनता पक्षाच्या विजयाचे वर्ष होते. सरकार १९७९ साली कोसळले आणि पेयही मागे पडले. पार्लेचे 'थम्स अप' आणि प्युअर ड्रिंक्सचा 'कॅम्पा कोला' यांनी बाजार भरून काढला. देशाने सोडा सोडला नाही, बाटलीवरचे नाव बदलले. १९९३ साली कोकाकोला परतला आणि पार्लेने 'थम्स अप', 'लिम्का', 'गोल्ड स्पॉट' त्यालाच विकून टाकले. स्वदेशीच्या अभिमानाने आज उघडली जाणारी 'थम्स अप'ची बाटली ही त्या हाकललेल्या कंपनीचीच मालमत्ता आहे.

४/ पेयात काय आहे यापेक्षा ते कोणाचे आहे याची चौकशी आधी करण्याची ही सवय जुनीच. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा दिला गेला. उपस्थितांत टिळक आणि रानडे होते. त्यावरून ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानड्यांनी अखेर प्रायश्चित्तही घेतले. पेल्यात काय आहे हा प्रश्न नव्हता. पेला कोणाच्या हातून आला, हा होता. (तोच चहा आज कोलाला 'आपला' पर्याय म्हणून सुचवला जातो, ही गंमत वेगळी.)

५/ खरा प्रश्न विचारला गेला तो केरळातील पालक्काड जिल्ह्यात, प्लाचीमडा येथे. कोकाकोलाचा कारखाना २००० साली सुरू झाला. काही काळातच विहिरींचे पाणी आटल्याच्या आणि बिघडल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. मयिलम्मा या आदिवासी स्त्रीसह गावातील बायका कारखान्यासमोर ठिय्या देऊन बसल्या. पेरुमाट्टी पंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले. मार्च २००४ मध्ये कारखाना बंद पडला. कंपनी अमेरिकी आहे, एवढ्यावर त्या बायका थांबल्या नाहीत. बाटलीत भरले जाणारे पाणी कोणाच्या विहिरीचे, हे त्यांनी विचारले. मालक देशी असता तरी त्या तिथेच बसल्या असत्या.

६/ आता महाराष्ट्रातील 'देशी पेयां'कडे वळावे. कोकमाचे आगळ वेगळे आणि साखरेत मुरवलेले अमृत कोकम वेगळे. दुसऱ्याचा पेला भरून घेतल्यास कोलाला हसण्याचा अधिकार फारसा उरत नाही. नीरेची गोष्ट याहून बोलकी आहे. शिंदी, ताड वा माडाला रात्री चुना लावलेले मडके बांधतात आणि सूर्य चढण्यापूर्वी उतरवतात, कारण ऊन लागले की रस आंबू लागतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीराही आपल्या कक्षेत घेतली. नीरेच्या नावाखाली ताडी विकली जाईल ही भीती अगदीच खोटी नव्हे. पण परिणाम असा की कोला शाळेसमोरच्या टपरीवर बिनदिक्कत मिळतो, आणि नीरा काढणाऱ्याला व विकणाऱ्याला परवाना लागतो. फर्नांडिसांचे छायाचित्र लावून फिरणाऱ्या त्या संदेशात या परवान्याचा उल्लेख कुठे आहे का, ते जरूर शोधावे.