ब्रश बाजूला ठेवू नका



पाण्याचा झोत मारणारे यंत्र घेतले की ब्रशची गरज उरत नाही, हे गेल्या अंकातील लेखातले विधान चुकीचे आहे. दातांवरचा थर म्हणजे चिकटून बसलेली जिवाणूंची साय. झोताने सुटे अन्नकण आणि त्या थराचा काही भाग जातो. बाकीचा घासूनच काढावा लागतो. शिवाय फ्लोराइडची पेस्ट दातांना लावण्याचे काम ब्रशच करतो.

लेखक या यंत्राला नवा शोध म्हणतात. अमेरिकेत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे एका दंतवैद्याने आणि अभियंत्याने ते १९६२ मध्येच बनवले होते. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यातही ब्रशच्या जोडीला झोत वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, एवढेच म्हटले आहे, आणि तेही कच्च्या पुराव्यावर.

माझ्या खालच्या दाढांना ब्रिज आहे. ब्रश करूनही त्याखाली अडकलेला मेथीचा दोरा झोताने बेसिनमध्ये पडतो, तेव्हा यंत्राचे पैसे वसूल झाले असे वाटते. पण हाच लेख वाचून आठवडाभर नुसत्या झोतावर भागवले, तर पुढच्या खालच्या दातांमागे नखाने खरवडून निघेल असा पिवळट थर साचला. झोत तिथे रोज फिरवत होते.

तो थर कडक झाला की घरी निघत नाही, दवाखान्यातच जावे लागते. लेखात याचा उल्लेखही नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, सातारा