राज्यपालांची सही अडते कुठे आणि हवी कुठे?



राज्यपाल म्हटले की आपण म्हणतो, ते मोठ्या लोकांचे प्रकरण. आपला संबंध तलाठ्याशी. आमचाही हाच समज होता. शेतकी कॉलेजात आम्ही माती शिकलो, खते शिकलो, पऱ्हाटीवरची बोंडअळी शिकलो. घटनेचे कलम २०० कोणी शिकवले नाही. ते आता शिकावे लागते आहे.

राजस्थानचे घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या विधानसभेने विधेयक मंजूर केले, की पाच एकरांपर्यंतची शेतजमीन कर्जापोटी जप्त करायची नाही. जानेवारी २०२२ उजाडला तरी त्याचा कायदा झालेला नव्हता आणि जमिनींचे लिलाव पुकारले जात होते. ओरड झाली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी आदेश काढून लिलाव थांबवले आणि सांगितले, विधेयक राज्यपालांकडे अडले आहे. अशा कायद्याने पुढे कर्ज मिळेनासे होईल का, यावर आमच्यातही भांडण आहे. पण ते भांडण विधानसभेत व्हावे. तिचा निर्णय झाल्यावर कागद दाबून ठेवणारे हे कोण?

खरेदीखत झाले, पैसे मोजले, आणि तलाठी फेरफार धरायला तयार नाही, हा अनुभव कोणाला नाही? तलाठ्याला निदान मुदत आहे, वर तहसीलदार आहे. राज्यपालांना मुदतच नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदत घालून दिली होती. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, अशी मुदत घालता येत नाही. विनाकारण फारच लांबवले तर न्यायालय एवढेच म्हणेल, की काय तो निर्णय घ्या.

घटना करणाऱ्यांना हे हवे होते काय? पहिल्या मसुद्यात राज्यपाल निवडून द्यायचा होता. १९४९ मध्ये ते बदलले. निवडून आलेला राज्यपाल मुख्यमंत्र्यावर कुरघोडी करील, ही भीती होती. म्हणून राष्ट्रपतींनी नेमायचा आणि कलम १६३ प्रमाणे त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितले होते, की राज्यपालाला स्वतःच्या अखत्यारीत करायची कामे नाहीत. आज कुरघोडी तर होतेच, आणि करणारा निवडूनही आलेला नाही. दिल्लीची मर्जी असेतो खुर्चीवर, मग सत्तेवर कोणताही पक्ष असो. काँग्रेसवाल्यांनी हे वर्षानुवर्षे केले, आज ते गळा काढतात. २०२५ च्या अखेरीस अनेक राज्यांत राजभवनाची पाटी बदलून लोकभवन झाली. पाटीला रंग लागला, एवढेच.

आता आपल्या घरचे. विदर्भ-मराठवाड्यासाठी घटनेने राज्यपालांना एक खरे काम दिले आहे. कलम ३७१(२) प्रमाणे विकास मंडळे नेमता येतात आणि पैशाचे न्याय्य वाटप ही राज्यपालांची खास जबाबदारी होते. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला, त्यात सिंचन मोठे. मंडळे आली १९९४ मध्ये, दहा वर्षांनी. २००१ पासून राज्यपालांनी सिंचनाच्या पैशाबद्दल निर्देश दिले, तेव्हा मंत्रालयाला निदान हिशेब मांडावा लागला. कोरडवाहू कापूस आणि ज्वारीवर जगणाऱ्याला ही एवढीच सही कामाची होती.

३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली, वाढवली नाही. पुन्हा नेमण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडला. मधल्या काळात याच राज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली विधान परिषदेच्या १२ नावांची यादी राज्यपालांकडे पडून राहिली, ते सरकार गेले तरी. २०१९ मध्ये मात्र भल्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी शपथविधी उरकला. तेव्हा पेनात शाई होती.

मेळाव्याला येताना आपापल्या आमदाराला विचारून या: मंडळांसाठी सभागृहात किती वेळा उभे राहिलात? उत्तर कागदावर घ्या, सहीनिशी. तालुकावार कागद जोडून निवेदन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्यपालांकडे जाईल. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचे नाही.