भुवया कोरायच्या तर...

रविवारी दुपारी मावशीचा फोन. "तूच समजाव तिला! बी.कॉम. केलं ते लोकांच्या भुवया कोरायला का?"

'तिला' म्हणजे माझ्या मावसबहिणीला. ऐरोलीच्या एका बॅक ऑफिसात दोन वर्षं नाइट शिफ्ट करून वैतागलेली. बाईसाहेबांनी जाहीर केलं होतं, नोकरी सोडणार आणि ब्युटीशियन होणार. मी समजवायला गेले खरी, पण पुढचे दोन शनिवार तिच्यासोबत कोर्स शोधत हिंडत होते!

पहिली अकॅडमी एकदम चकाचक. एसी, काचेचं दार, कॉफी. काउन्सिलर मॅडम पंधरा मिनिटं सर्टिफिकेटबद्दल बोलल्या. फीचा आकडा ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितलं, तसा ईएमआयचा कागद पुढे सरकला. बहिणीने विचारलं, "प्रॅक्टिससाठी खरी माणसं मिळतील, की नुसती डमीची डोकी?" मॅडम म्हणाल्या, "ते बॅचवर डिपेंड आहे." आम्ही कॉफी संपवून उठलो.

मग नीट माहिती काढली. सरकारी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो, दहावी पास पुरतं. सगळ्या आयटीआयमध्ये नसतो, म्हणून आधी चौकशी करायची. खासगी अकॅडमीच्या मानाने फी किरकोळ, पण दिवसभराचा वर्ग. म्हणजे नोकरी सोडावीच लागणार. परदेशात किंवा मोठ्या स्पामध्ये काम करायचं असेल, तर 'सिडेस्को'चा डिप्लोमा. १९४६ साली सुरू झालेल्या या संस्थेचं मुख्यालय झुरिचला आहे. त्यासाठी किमान १२०० तासांचं ट्रेनिंग लागतं, शिवाय खर्चही तसाच. आणि ज्यांना फक्त मेकअपच करायचाय त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. मुंबईच्या सिनेसृष्टीत युनियनच्या नियमाने बायकांना हेअरड्रेसरचंच कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्ट फक्त पुरुष! नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा प्रकार बेकायदा ठरवला, तेव्हा कुठे ते दार उघडलं.

एवढं सगळं कागदावर मांडून आम्ही गेलो माझ्या नेहमीच्या पार्लरवाल्या ताईंकडे. त्या कुठल्याच क्लासला गेल्या नाहीत. दुसरीच्या पार्लरमध्ये केस झाडता झाडता शिकल्या. वाटलं, म्हणतील, कोर्सबिर्स काही नको. पण ताई म्हणाल्या, "थिअरी सोडू नकोस. मी सुरुवातीला एकीला पॅच टेस्ट न करता डाय लावला. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजून बंद. डायमधल्या केमिकलची अ‍ॅलर्जी असते, कानामागे थोडा लावून दोन दिवस थांबायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. ती बाई परत आली नाही. अजून आठवते."

काही वर्षांपूर्वी सरकारच्या कौशल्य योजनेत, आधीपासून काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देत होते. ताईंनी ते मिळवलं. आरशाशेजारी फ्रेम करून लावलंय. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसतेय, पण मी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

"कुठेही जा," ताई म्हणाल्या, "तीनच गोष्टी विचार. खऱ्या चेहऱ्यांवर किती काम मिळेल? शिकवणारीने स्वतः पार्लर चालवलंय का? आणि हत्यारं स्वच्छ कशी करतात, ते दाखवा म्हणावं." आम्ही मॅडमना त्यातला एकच प्रश्न विचारला होता. तोही नशिबाने!

शेवटी आयटीआय ठरलं. वर्षभराचा खर्च तिच्याच साठवलेल्या पैशांतून. अ‍ॅडमिशन होईपर्यंत शनिवारी ताईंच्या पार्लरमध्ये हात बसवायचा. मावशी हे सगळं गप्प बसून ऐकत होती. मला वाटलं, आता भडका उडणार.

गेल्या शनिवारी गेले, तर पार्लरच्या खुर्चीत मावशी! दोन्ही हातांनी कपाळाची कातडी ताणून धरलेली, डोळे घट्ट मिटलेले. मावसबहिणीच्या दातात दोरा.

"दुखलं तर बघ हं," मावशी म्हणाली.

डावी भुवई जरा बारीक झालीय. मावशी तशीच हळदीकुंकवाला जाऊन आली. कुणी विचारलंच तर म्हणते, "मुलीने केलीय. शिकतेय अजून."