फिटलेल्या कर्जाची नोंद

25 मार्च 2020 चा गुढीपाडवा कुणी विसरले नसेल. आदल्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या त्या बंद दारांआड. कडुलिंबाचा डहाळा आणायला खाली उतरायचे की नाही यावर घराघरांत खल झाला. साखरेच्या गाठी कित्येकांच्या गुढीला मिळाल्याच नाहीत. पुढे रोग ओसरला, मुखपट्ट्या उतरल्या, शोभायात्रा पुन्हा ढोलताशांसह निघू लागल्या. त्या काळात काढलेली कर्जे मात्र इतक्या लवकर उतरली नाहीत. असंख्य घरांत ती आत्ता कुठे फिटत आली आहेत. पाडव्याला सराफांच्या पानभर जाहिराती येतात, दुकानांपुढे रांगा लागतात आणि ‘मुहूर्ताच्या खरेदीला उधाण’ अशी बातमी आम्हीही छापतो. त्याच बाजारपेठेत दोन दुकाने सोडून सोनेतारणाचे कार्यालय असते. तिथेही मार्चात गर्दी असते. गहाण पडलेले सोडवायला आलेल्यांची. त्यांची बातमी होत नाही.

ही कर्जे चैनीची नव्हती, हे आधी सांगायला हवे. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्याकडे कर्जदाराच्या तोंडावर फेकायला फार सोपी पडते. 2020 मध्ये रोजगार गेला, 2021 च्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयाची बिले आली, आणि दोन्हींच्या मधल्या काळात घरभाडे, शाळेची फी, गाडीचा हप्ता यांतले काहीच थांबले नाही. हप्ते पुढे ढकलण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने दिली ती मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची. अनेकांना ती माफीच वाटली. व्याज चालूच होते. स्टेट बँकेने तेव्हा स्वतःच एक उदाहरण दिले होते : तीस लाखांचे गृहकर्ज, फेडीची पंधरा वर्षे शिल्लक, आणि तीनच महिने हप्ते थांबवले, तर जादा व्याज सुमारे 2 लाख 34 हजार, म्हणजे आठ हप्त्यांइतके. व्याजावरचे व्याज घेऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2021 रोजी दिला. साधे व्याज मात्र द्यावेच लागले. ऑगस्ट 2020 मध्ये बँकांना सोन्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा मिळाली, आणि कपाटातले उरलेसुरले सोनेही बाहेर पडले.

आमच्या माहितीतले एक घर आहे. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. शहरांतले पहिली ते चौथीचे वर्ग नियमित भरायला 2022 उजाडले, तोवर व्हॅन सोसायटीच्या भिंतीला लागून उभी आणि तिचा हप्ता चालू. बायकोने पोळीभाजीचे डबे सुरू केले. या घराचे कर्ज कसे फिटले, ते एका दोनशेपानी वहीत पाहायला मिळते. प्रत्येक देणेकऱ्याला एक पान. वाण्याचे पान, भिशीचे पान, बचतगटाचे, सोनेतारणाचे, थोरल्या नणंदेचे. पानाला मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘दिले’, उजवीकडे ‘राहिले’. नणंदेच्या पानावर पाचशे, पाचशे, तीनशे, पुन्हा पाचशे अशा नोंदी, आणि एका दिवाळीच्या महिन्यात नुसतीच तारीख लिहून पुढे रिकामी जागा. सोनेतारणाच्या पानावर पहिली दोन वर्षे नुसते व्याजच भरलेले दिसते. ‘राहिले’च्या रकान्यात तोच आकडा ओळीने खाली उतरत जातो. गृहिणीने तो प्रत्येक वेळी पुन्हा लिहिला आहे, ‘वरीलप्रमाणे’ची खूणसुद्धा केलेली नाही.

या वहीतला फेडीचा क्रम पाहण्यासारखा आहे. कुठलाही अर्थसल्लागार सांगेल, ज्याचे व्याज जास्त ते आधी फेडा. हिशेब म्हणून ते बिनचूक आहे. या बाईंनी सगळ्यात आधी वाण्याला मोकळे केले, आणि वाणी तर एक पैसा व्याज लावत नव्हता. कारण विचाराल तर उत्तर सरळ : पुढच्या महिन्याचे तांदूळ त्याच्याच दुकानातून यायचे होते. नणंदेचे पैसेही बिनव्याजीच, पण त्यांच्यापायी घरातली दोन लग्ने चुकवली. लग्नात नणंद भेटेल, ती काही बोलणार नाही आणि ते न बोलणेच सोसायचे नाही, म्हणून. असले व्याज कुठल्याच तक्त्यात मावत नाही. तरीही आमचे मत विचारले तर आम्ही सल्लागाराच्या बाजूने थोडे झुकू. सोनेतारणाचे मुद्दल एक वर्ष आधी कमी करायला घेतले असते, तर बाकीची पानेही लवकर मिटली असती. पण हे आम्ही खुर्चीत बसून सांगतो आहोत.

कर्जातून वर आलेल्या बहुतेक घरांत एक दिवस असा असतो की त्या दिवशी सगळी देणी एकाच कागदावर येतात. त्याआधी ती विखुरलेली असतात. थोडी नवऱ्याच्या मोबाइलमध्ये, ॲपवरून घेतलेली. थोडी बायकोच्या गटात. थोडी म्हाताऱ्या वडिलांनी कुणाला तरी दिलेल्या शब्दात. या घरातही मोबाइलमधले कर्ज उशिरा उघडकीला आले आणि त्या रात्री भांडण झाले ते शेजारपाजारी ऐकू जाईल इतके. वहीत त्याचे पान सगळ्यात शेवटी जोडलेले आहे, वेगळ्या शाईत. उत्पन्न त्या रात्री एका रुपयानेही वाढले नाही. एका कर्जातून दुसऱ्याचा हप्ता भरण्याचा खेळ मात्र थांबला.

वसुलीच्या जाचाबद्दल थोडे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मायक्रोफायनान्सच्या बाबतीत ही वेळ नऊ ते सहा अशी आणखी आखूड आहे. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होत असतील, तर मायक्रोफायनान्सचे नवे कर्ज देता येत नाही, हा नियम एप्रिल 2022 पासूनचा. विनापरवाना सावकाराने कर्जापोटी जमीन वा घर बळकावले असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. व्याज मुदलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा दंडक तर इंग्रजांच्या राज्यातही मुंबईच्या न्यायालयांनी मानला होता. नियमांची वाण कधीच नव्हती. सकाळी सातला दारात उभ्या असलेल्या माणसापुढे ते म्हणून दाखवायला कोण धजावते, हा प्रश्न आहे.

गावाकडे पाडवा आणि मार्चअखेर यांची गाठ आणखी घट्ट बसलेली आहे. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरले, तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज, ही सवलत राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या योजनेतून मिळते. कागदावर याहून चांगले काय असणार? प्रत्यक्षात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ‘नवे-जुने’ चालते. कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी हातउसने किंवा चढ्या व्याजाने पैसे उचलायचे, पतपुरवठा सोसायटीचे खाते निरंक करायचे, नवे कर्ज मंजूर झाले की त्यातून ते परत करायचे. बँकेच्या दप्तरी वसुली झकास दिसते. शेतकऱ्याचे कर्ज जिथे होते तिथेच राहते, वर पंधरा दिवसांचे व्याज.

त्यात कर्जमाफीची वाट. 2008, 2017, 2019 अशा माफ्या राज्याने पाहिल्या. पुढच्या माफीबद्दल 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ, असे सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितले होते. अतिवृष्टीने ज्याची माती वाहून गेली, त्याला माफी मिळू नये असे म्हणण्याचा कोडगेपणा आम्ही करणार नाही. पण ज्याच्या हातात दोन पैसे आहेत, त्याने अशा मार्चात काय करावे? भरावे तर माफीच्या यादीतून नाव जाण्याची भीती. न भरावे तर शून्य टक्क्यांची सवलत गेली, आणि जूनमध्ये पेरणीला नवे कर्ज अडले. 2019 च्या माफीच्या वेळी नियमित फेड करणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनपर अनुदान जाहीर झाले होते. ते वाटायला सुरुवात झाली ऑक्टोबर 2022 मध्ये. वेळेवर पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला सरकारची वेळ अशी येते.

आणि एवढे सगळे करून कर्ज फिटले, तरी ते कागदावरून फिटायचे राहते. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा असतो. पैसे भरले की तो आपोआप उतरत नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला घ्यायचा, तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायचा, फेरफार मंजूर होईपर्यंत थांबायचे. दाखल्यावर सही करणारे सचिव चार गावांचे काम बघतात आणि आज नेमके पाचव्या गावाला गेलेले असतात. कित्येक वर्षांपूर्वी फिटलेले कर्ज वारसनोंदीच्या वेळी अचानक उताऱ्यावर डोके वर काढते आणि मुलगा विचारतो, आबांनी हे भरले नव्हते का? आबांनी भरले होते. पावती ट्रंकेत होती, ट्रंक धाकट्या भावाकडे गेली.

शहरातल्या घरकर्जाचे वेगळे नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत करावीत, चूक बँकेची असेल तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई द्यावी, हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. सोनेतारणात दागिने सात कामकाजी दिवसांत परत करण्याचे बंधन सर्वांना लागू करण्याची मुदत 1 एप्रिल 2026 ही, दिरंगाईची भरपाई तेवढीच. ही चांगली पावले आहेत. पण पतनोंदीचा भाग उरतोच. अडचणीच्या काळात थोडी सूट घेऊन कर्ज मिटवले, की त्या नोंदीपुढे ‘सेटल्ड’ हा शेरा बसतो. ज्याने ते मिटवण्यासाठी पाटल्या मोडल्या, त्याला वाटते आपण मोकळे झालो. चार वर्षांनी पोरीच्या शैक्षणिक कर्जासाठी जातो तेव्हा तो शेरा टेबलापलीकडून वाचून दाखवला जातो. पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो मागवून तपासावा, चुकीची नोंद असेल तर तक्रार करावी. तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागला नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. यातले फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या व्हॅनवाल्या घराचे दागिने गेल्या महिन्यात सुटले. 2020 पासून सोन्याचा भाव दुपटीच्या कितीतरी वर गेला आहे. त्या वर्षात ते लिलावात गेले असते, तर तेवढे वजन या घराला पुन्हा जमवता आले नसते. आता नवऱ्याचे म्हणणे, पाडव्याला गुंजभर तरी नवे घेऊ. बायकोने वहीत नवे पान काढले आहे आणि त्यावर ‘तीन महिन्यांचा खर्च’ असे लिहिले आहे. रकाना अजून रिकामा आहे. दोघांत कोण जिंकले ते आम्हाला कळलेले नाही.

मागणी करायची तर ती बँकांकडे आणि महसूल खात्याकडे. हप्ता एक दिवस चुकला तर ज्या यंत्रणेला तासाभरात कळते, तिला शेवटचा हप्ता भरल्याचेही कळते. मग कर्जदाराने अर्ज कशाला करायचा? बेबाकी दाखला, बोजा उतरल्याची नोंद आणि पतअहवालातली दुरुस्ती ही तिन्ही कामे बँकेने आपणहून, विनाशुल्क करावीत. मार्चात वसुलीसाठी गावोगावी जीपगाड्या फिरवणाऱ्या जिल्हा बँकांनी एप्रिलमध्ये त्याच गाड्यांतून दाखले पाठवावेत. थकबाकीदारांची यादी त्या चावडीवर लावतातच. ज्यांचे फिटले त्यांच्या सातबाऱ्याचा कोरा उतारा त्याच चावडीवर, चार माणसांदेखत, त्यांच्या हातात द्यावा.