टक्के मोजले, प्रकल्प वाचला कोणी?

फेब्रुवारी उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोरची झेरॉक्सची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. तिथल्या संगणकांवर प्रकल्पांचे साठे आहेत. पर्यावरणाचा हवा, इतिहासाचा हवा, समाजशास्त्राचा हवा. वीस पानी, चाळीस पानी. रंगीत मुखपृष्ठासह, स्पायरल बांधून. नाव, हजेरी क्रमांक आणि गाव तेवढं बदलायचं. असाच एक प्रकल्प मध्यंतरी माझ्या टेबलावर आला : ‘माणगंगेचे जलप्रदूषण’. साखर कारखान्याच्या मळीमुळे नदीतले मासे मरून काठाला लागतात, जलपर्णीने पात्र झाकून जातं, पुराचं पाणी ओसरल्यावर साथी पसरतात, असं त्यात लिहिलं होतं. आमची माणगंगा वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते. पात्रात मुलं क्रिकेट खेळतात. जलपर्णी वाढायची तर आधी पाणी नको का? मूळ प्रकल्प कोल्हापूरच्या पंचगंगेवरचा होता हे उघड होतं. संगणकाने एका फटक्यात सगळीकडे ‘पंच’ काढून ‘माण’ घातलं होतं. तिथला रंकाळा तलाव तेवढा हलवायचा राहून गेला होता.

गंमत पुढेच आहे. हा प्रकल्प वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सहीसलामत बाहेर आला होता. साधर्म्य जवळजवळ शून्य. कारण साधं आहे. दुकानातली ती फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली. या फाँटमध्ये आपल्याला पडद्यावर ‘नदी’ दिसते, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं. सॉफ्टवेअर ती अक्षरं वाचतं, त्याला काहीच अर्थबोध होत नाही, आणि जगात कुठेही न सापडलेला मजकूर म्हणून ते प्रमाणपत्र देऊन टाकतं. पोरांना हे ठाऊक आहे, दुकानदाराला तर त्याहून आधीपासून. ठाऊक नाही ते टक्क्यांवर विसंबणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना.

मी माणदेशातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. मुलं मोबाइलमुळे बिघडली, आता तर एआय आलं, आता लेखन-संशोधन कसलं, असा सूर स्टाफरूममध्ये रोज लागतो. मला तो पटत नाही. मुलं उतरवून काढतात याचं पहिलं कारण, त्यांनी लिहिलेलं कोणी वाचत नाही हे त्यांना पक्कं कळलेलं असतं. एका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, प्रत्येकाची तीस-चाळीस पानं, आणि तपासणारी बाई तासिका तत्त्वावरची, जिला तासाला पैसे मिळतात, प्रकल्प वाचायला नाही. ती मुखपृष्ठ बघते, प्रमाणपत्रावर सही करते, मधली दोन-चार पानं चाळते. मग जे वाचलंच जाणार नाही ते कोण कशाला स्वतः लिहील? मी त्यांच्या वयाची असते तर मीही दुकानात गेले असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साधर्म्य असेल तर शिक्षा नाही. मग १० ते ४०, ४० ते ६०, ६०च्या वर, अशा चढत्या पायऱ्या. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य वाक्य जुळलं तर ते मोजायचं नाही, इतका बारकावा त्यात आहे. प्रबंध आणि शोधनिबंधांच्या बाबतीत या नियमांची गरज होती, त्याबद्दल दुमत नाही. पण खाली झिरपत हे पदवीच्या प्रकल्पापर्यंत आलं तेव्हा उरला फक्त आकडा. आता मुलं विचारतात, ‘मॅडम, किती टक्के चालतंय?’ आणि मग शब्दबदलाचा उद्योग सुरू होतो. शेतकऱ्याचा कृषक होतो, पावसाची पर्जन्यवृष्टी, गरिबीचं दारिद्र्य, विहिरीचा कूप. टक्के उतरतात. मराठीही उतरते.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि या शब्दबदलाचीही गरज संपली. त्याची मराठी आता मी लांबून ओळखते. प्रत्येक गोष्ट ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, प्रत्येक प्रश्न ‘बहुआयामी’ असतो, आणि शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात ‘एकंदरीत’ने होते. शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं असतं, हे कबूल. घोळ असतो तो संदर्भसूचीत. नामवंत इतिहासकाराचं नाव खरं, प्रकाशन संस्था खरी, पुस्तक मात्र त्यांनी कधी लिहिलेलंच नाही. मी वर्गात एकच प्रश्न विचारते : हे पुस्तक तू कुठे पाहिलंस? कपाटात, पडद्यावर, कोणाच्या घरी, कुठेही चालेल. पण कुठे? बहुतेकदा मान खाली जाते. पुस्तक आहे की नाही हे शोधायचं कसं, हे या मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत करून ठेवली. एका माणसाने, हाताने, कार्डं लिहून. ती आमच्या ग्रंथालयात आहे. तिच्यावरची धूळ झटकायला हे एआय कारणीभूत झालं, हाही एक योगच.

डिजिटल साधनांना नावं ठेवावीत असं मला मुळीच वाटत नाही. मी एम.ए. करत होते तेव्हा सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर बघायला पुण्याला जावं लागायचं. एसटीचं भाडं, मावशीकडे मुक्काम, ग्रंथपालांची मनधरणी, आणि मग हाताने उतरवून घ्यायचं. १८८५ साली निघालेला तो १९वा खंड आज माझ्या विद्यार्थ्याच्या खिशात आहे. केतकरांचा ज्ञानकोश आहे, वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आहे, देशभरातले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. सगळं फुकट. तरी मुलं तिथे पोचत नाहीत. ती यूट्यूबवर जातात, कारण शोधायचं म्हणजे वरच्या चौकटीत प्रश्न टाकायचा आणि पहिलं येईल ते उचलायचं, एवढंच त्यांना माहीत असतं.

इथे शिकवण्यासारखं खूप आहे, आणि ते अगदी हाताशी असलेलं, चिल्लर वाटणारं आहे. उदाहरणार्थ, म्हसवड. आज इंग्रजीत ते डब्ल्यू घालून लिहितात. गॅझेटियरकारांनी व्ही घातला. डब्ल्यू टाकून शोधलं तर १८८५च्या खंडात काही नाही म्हणून मुलगा परत येतो, आणि जवळच्याच राजेवाडीच्या तलावाची हकिगत तिथे आहे हे त्याला कळतच नाही. १८७६-७८च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून घेतलेला हा तलाव गॅझेटियरमध्ये म्हसवडच्या नावाने नोंदलेला. म्हणजे गावाचं नाव वेगळं, स्पेलिंग वेगळं. मराठी जुन्या पुस्तकांचं तर आणखीच अवघड. नुसती छायाचित्रं काढून चढवलेली असतात, त्यात शब्द टाकून काही सापडत नाही. तिथे अनुक्रमणिकाच उघडावी लागते आणि पान पान सरकवत जावं लागतं. हे सांगितलं की मुलं नाराज होतात. इंटरनेटवर असूनसुद्धा वाचायला लागणार म्हणजे काय!

काही वर्षांपासून मी माझ्या वाट्याच्या मुलांना प्रकल्पाचा ‘विषय’ द्यायचं बंद केलं. प्रश्न देते, तोही तयार उत्तर कुठेच पडलेलं नाही असा. दोन मुलींनी मिळून घेतलेला प्रश्न होता : आपल्या गावचा पाझर तलाव कधी झाला? वरवर क्षुल्लक. त्यांनी आधी एआयला विचारलं, मी मनाई केली नव्हती. त्याने १९७२च्या दुष्काळावर दोन गुळगुळीत पानं दिली आणि तलावाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग त्या एकीच्या आजीकडे गेल्या. आजी म्हणाली, मी सोता राबलीय तिथं. रोजगार हमीवर. सुकडी मिळायची, तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, मुकादम माप घ्यायला यायचा. कोणत्या साली? तर ‘तुझा थोरला चुलता अंगावर पीत हुता तवा.’

पोरी हुशार. चुलत्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्मतारीख : १ जून. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या चुलत्याची १ जून, आत्याची १ जून, शेजारच्या आबांचीही १ जूनच. अर्धं गाव एका दिवशी कसं जन्मलं? गुरुजींनी शाळेत नाव घालताना वय अंदाजाने धरून तारीख ठोकून दिली होती, हे घरच्यांनीच हसत सांगितलं. माझ्या पिढीच्या खेड्यातल्या माणसांना यात नवल नाही. पण सरकारी शिक्का असलेला कागदही चुकीचा असू शकतो, आणि तो का चुकला याचंही कारण शोधता येतं, हे त्या मुलींना त्या दिवशी कळलं. साधनचिकित्सा या प्रकरणावर मी वर्गात चार तास बोलते, त्यातून इतकं कोणाला कळल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मग ‘रोजगार हमी’चा गुंता. योजना १९७२ची खरी, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली. पण त्या अवर्षणात प्रत्यक्षात चालली ती सरकारची दुष्काळी कामं, ज्यांवर मे १९७३मध्ये राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं राबत होती. कायदा झाला १९७७ साली, अंमल आला २६ जानेवारी १९७९पासून. म्हणजे आजी खोटं बोलत नव्हती, तिने पुढच्या काळातलं नाव आधीच्या कामाला लावलं होतं. तलावावरच्या पाटीवर तर तिसरंच साल, ते बहुधा दुरुस्तीचं. ग्रामपंचायतीत जुनं दप्तर मिळालं नाही. मुलींनी चार पानं लिहिली. आजीचं म्हणणं, दाखला, पाटी, आणि तिन्हींत मेळ का बसत नाही याची चर्चा. शेवटी : ‘तलाव १९७२ ते ७४च्या दरम्यान झाला असावा, नक्की साल सांगता येत नाही.’ तो ‘असावा’ वाचून मला जे बरं वाटलं ते सांगून समजणार नाही. चाळीस पानी प्रकल्पांत ‘असावा’ कधीच नसतो, तिथे सगळं ‘आहे’च असतं.

लिहिण्याचं शिक्षणही इथेच होतं. वाक्य कोणाचं आणि मत कोणाचं हे वेगळं ठेवायला त्या शिकल्या, कारण आजीचं बोलणं आपल्या तोंडी घालायला त्यांना संकोच वाटत होता. तळटीप कशासाठी असते हे मला समजावून सांगावं लागलं नाही. गॅझेटियरची इंग्रजी त्यांना झेपत नव्हती, तेव्हा एआयकडून भाषांतर करून घेतलं आणि आकडे तेवढे मुळाशी ताडून पाहिले. याला माझी काहीच हरकत नाही. उलट इंग्रजीच्या भिंतीपाशी अडलेल्या खेड्यातल्या पोरांसाठी त्याचा हा उपयोग मोठाच आहे.

सहकारी म्हणतात, चार पानांची फाइल समितीपुढे ठेवायची कशी? बाहेरची समिती येते तेव्हा कपाट भरलेलं दिसावं लागतं, हे मलाही माहीत आहे. त्या कपाटाची काचेची दारं दर भेटीआधी पुसली जातात, आतल्या फाइली कोणी उघडल्याचं मात्र मी पाहिलेलं नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीलाच क्षेत्र प्रकल्प आणला, चौथ्या वर्षाला ‘संशोधनासह ऑनर्स’ आणलं. हेतू चांगला आहे. केंद्राने ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं खुली करायचं ठरवलं, तेही चांगलंच. पण पाझर तलावाचं साल त्यात सापडणार नाही, आणि आमच्याकडे ग्रंथपालाची जागाच रिकामी असेल तर ती नियतकालिकं मुलांना दाखवणार कोण?

माझी मागणी फार मोठी नाही. प्रकल्प चार-पाच पानांचा करा. एका शिक्षकाकडे वीसच्या वर मुलं देऊ नका. प्रत्येकाची दहा मिनिटं तोंडी घ्या, आणि ही तोंडी शिक्षकाच्या कार्यभारात धरा. तासिका तत्त्वावरच्या माणसाला त्याचे पैसे द्या. दहा मिनिटांत कोणी लिहिलंय आणि कोणी आणलंय हे कळतं. ‘रंकाळा कुठे आहे?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. सॉफ्टवेअरची वर्गणी भरायला पैसे असतात आणि तासाला नसतात, हा हिशेब कोणीतरी एकदा उलटा करून बघावा.

यंदाच्या मुलांना प्रश्न वाटून झालेत. एकाला विचारायचंय की गावचा आठवडी बाजार नेमका याच वारी का भरतो, एकीला मेंढपाळांच्या चराईच्या वाटा शोधायच्यात. मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला, ‘मॅडम, उत्तर नाही घावलं तर मार्क?’ कुठे कुठे शोधलंस ते नीट लिही, पूर्ण मार्क, म्हणाले. विद्यापीठाच्या गुणपत्रकात त्यासाठी रकाना नाही. ‘सादरीकरण’ नावाचा एक आहे, मी ते गुण त्यात घालते.