अंगातली ताकद आणि घरातला हक्क

गेल्या वर्षी शाळेच्या क्रीडा स्पर्धांची यादी माझ्याकडे होती. मुलींच्या व्हॉलीबॉल संघात नववीतल्या एका मुलीचे नाव पीटीच्या सरांनी सर्वांत वर लिहिले होते. तिची सर्व्हिस अशी की समोरच्या मुली हात वर करायच्या आत चेंडू मागे पडलेला असे. यादी लागली आणि तिसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. भला माणूस. पाच वेळचा नमाजी, मुलीला शिकवायचेच या मताचा. म्हणाले, "सर, तिचं नाव कमी करा. अल्लाहनेच बाईला कमजोर बनवलंय. कमजोर वस्तू जपून ठेवायची असते. उद्या हात-पाय मोडला तर निकाह कोण करणार?"

मी काही बोललो नाही. यादीवर रेघ मारली आणि त्यांना चहा पाजून पाठवले. वीस वर्षे वर्गात बोलणारा माणूस त्या दिवशी गप्प बसला, याचे एक कारण असे की त्यांच्या वाक्यातला निम्मा भाग मलाही खरा वाटत होता.

आधी तो निम्मा भाग. पुरुष आणि स्त्री यांच्या शारीरिक ताकदीत फरक आहे. तो नाकारणारे लेख मी वाचले आहेत आणि त्यांचा हेतू चांगला असतो, पण डोळ्यांना दिसते ते नाकारून वाद जिंकता येत नाही. पाचवी-सहावीच्या वर्गात हा फरक फारसा दिसत नाही. उलट त्या वयात मुली उंच असतात आणि मुलगे त्यांच्या खांद्याला लागतात. मग मुलगे वयात येतात, शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढते, आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटते. खांदे रुंदावतात, स्नायू वाढतात, हाडे जाड होतात, रक्तातले हिमोग्लोबिनही मुलींपेक्षा वाढते. मोठेपणी स्त्रीच्या हात-खांद्यांची ताकद सरासरीने पुरुषाच्या निम्म्याहून थोडी अधिक भरते. पायांच्या ताकदीत अंतर कमी, तिथे ती साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोहोचते. धावण्यात ते आणखी कमी होते. शंभर मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम 9.58 सेकंदांचा, उसेन बोल्टचा. स्त्रियांचा 10.49 सेकंदांचा, फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनरचा. मध्ये एक सेकंदही नाही. पण त्या एका सेकंदात शर्यत संपते, हेही खरे.

हे सगळे सरासरीचे बोलणे झाले. सरासरी रस्त्यात भेटत नाही, माणसे भेटतात. मीराबाई चानूने 2021 मध्ये 49 किलो वजनी गटात क्लीन अँड जर्क प्रकारात 119 किलो डोक्यावर उचलले. सिमेंटच्या दोन गोण्या एकावर एक ठेवा, तरी 19 किलो कमी पडतात. आमच्या मोहल्ल्यातल्या, "बाई कमजोर" म्हणणाऱ्या किती जणांना एक तरी गोणी डोक्याच्या वर हात ताठ करून धरता येईल? (मला नाही येणार. मला तर गॅसचा सिलिंडर दारातून आत आणतानाच कमरेची आठवण होते.)

आता त्या वाक्याचा दुसरा भाग, कमजोर वस्तू जपून ठेवण्याचा.

आपण तिला जपतो, हे तरी खरे आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयग्रस्त निघाल्या. त्याच वयाचे पुरुष 25 टक्के. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. स्त्रीसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा 12 आणि पुरुषासाठी 13 धरली जाते, म्हणजे निसर्गाने दिलेला फरक मोजणाऱ्यांनी आधीच वजा केलेला असतो. त्यानंतरही दुपटीहून जास्त फरक उरतो. मासिक पाळी आणि बाळंतपणे हे त्याचे एक कारण. पण जे रक्त जाते ते भरून काढायला ताटात काय पडते, हे दुसरे. दस्तरखानावर आधी पुरुष, मग मुले, मग पातेल्याच्या तळाला जे राहील ते बायकांचे, ही पद्धत किती घरांत अजून चालू आहे ते प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. बोटीचे तुकडे कोणाच्या ताटात किती पडतात, हे कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय कळते.

हाडांचेही तेच. आयुष्यभर पुरणारी हाडांची पुंजी बरीचशी किशोरवयात आणि विशीत जमा होते. उड्या मारणे, धावणे, वजन उचलणे यांनी ती वाढते. पाळी थांबल्यावर स्त्रियांची हाडे झपाट्याने झिजू लागतात, तेव्हा ही आधीची पुंजीच कामाला येते. आपण मुलीला नेमके तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदानातून उठवतो, उन्हातून आत घेतो, आणि पन्नाशीत ती गुडघे धरून नमाज खुर्चीवर बसून पढू लागली की म्हणतो, बायकांची हाडेच नाजूक. निसर्गाने केलेला फरक किती आणि आपण केलेला किती, हे वेगळे काढायची तसदी कोणी घेत नाही.

आणि कष्टाच्या बाबतीत तर ही कमजोरी कुठे जाते कोण जाणे. पाण्याचा हंडा पंधरा लिटरचा असला तर पाणीच पंधरा किलो, हंड्याचे वजन वेगळे. तो कोणाच्या डोक्यावर असतो? मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. त्या फडात "ही कमजोर आहे, हिला जपा" असे कोणी म्हणत नाही. उचल मात्र सहसा नवऱ्याच्या हातात दिली जाते. म्हणजे ओझ्याच्या वेळी ती बरोबरीची आणि खेळाच्या, हिश्शाच्या, निर्णयाच्या वेळी नाजूक.

इथे आपले काही भाऊ सूरह निसाची चौतिसावी आयत पुढे करतात. पुरुष स्त्रियांचे कव्वाम आहेत. पण कव्वाम का, याचे कारण त्याच आयतीत सांगितले आहे. अल्लाहने काहींना काहींवर जे अधिक दिले त्यामुळे, आणि पुरुष आपल्या मालातून खर्च करतात त्यामुळे. त्यात दंडाच्या ताकदीचा शब्द नाही. तो नंतर तफसीरकारांनी भरला. बाराव्या शतकातल्या जमख्शरीने पुरुषाच्या श्रेष्ठत्वाची जी कारणे मोजली त्यात ताकद आहे, तशीच घोडेस्वारी आणि तिरंदाजीही आहे. त्यांच्या काळाला ते शोभत असेल. आमच्या गल्लीत पुरुष घोड्यावर एकदाच बसतो, शादीच्या दिवशी, आणि तेव्हाही लगाम दुसऱ्याच्या हातात असतो. या आयतीच्या पुढच्या भागावरही पुष्कळ वाद आहे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, इथे तो विषय नाही.

कुरआनात दुर्बळपणाचा उल्लेख कुठे येतो ते पाहा. सूरह निसामध्येच, थोडे आधी, माणूस दुर्बळ निर्माण केला गेल्याचे सांगितले आहे. शब्द इन्सान आहे, औरत नाही. आणि सूरह लुकमानमध्ये आईचा उल्लेख येतो. तिने अशक्तपणावर अशक्तपणा सोसत मूल पोटात वाढवले, म्हणून माझे आणि आईबापांचे आभार मान, असा आदेश आहे. तिथला अशक्तपणा ओझे वाहिल्याने आलेला आहे, आणि त्यातून निघतो तो मुलावरचा उपकार. तिला गप्प करायचे कारण त्यातून निघत नाही.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती सूरह कससमधली मदयनच्या विहिरीची गोष्ट. लहानपणी मदरशात ऐकली होती, तेव्हा फक्त हजरत मूसा (अलै.) यांच्या बळाची गोष्ट म्हणून ऐकली. आता वाचताना इतर गोष्टी दिसतात. विहिरीवर धनगरांची गर्दी आहे आणि दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला थांबल्या आहेत. मूसा (अलै.) विचारतात, काय अडचण आहे? त्या सांगतात, हे लोक गेल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही, आणि आमचे वडील फार वृद्ध आहेत. म्हणजे ताकदीचा फरक तिथे आहे. गर्दीत घुसून जनावरांना पाणी पाजणे त्यांना जमत नाही. पण या उत्तरावर मूसा (अलै.) त्यांना घरी बसायला सांगत नाहीत, बायकांचे हे काम नव्हे असेही म्हणत नाहीत. पाणी पाजून देतात आणि सावलीत जाऊन बसतात. मोबदला मागत नाहीत, उपकार दाखवत नाहीत. स्वतः उपाशी, परागंदा, अल्लाहकडे हात पसरतात.

नंतर त्यांच्यातली एक मुलगी वडिलांना सुचवते की यांना कामाला ठेवून घ्या, कारण कामाला ठेवायला उत्तम माणूस तोच जो बलवान आहे आणि अमानतदार आहे. कवी आणि अमीन, दोन्ही शब्द एकत्र. पुरुषाची ताकद इथे एक मुलगी पारखते आहे, आणि नुसत्या ताकदीवर ती थांबत नाही. अमानत नसलेली ताकद तर विहिरीवरच्या त्या गर्दीकडेही होती.

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या घरातही हेच दिसते. हजरत आयशा (रजि.) यांच्याशी त्यांनी शर्यत लावली. पहिल्या खेपेला त्या जिंकल्या. काही वर्षांनी, त्यांचे अंग भरल्यावर, पुन्हा धावले तेव्हा पैगंबर जिंकले आणि त्या दिवसाची फेड झाली असे हसून म्हणाले. त्याच आयशा (रजि.) सांगतात की त्यांनी कधी कोणा स्त्रीवर किंवा नोकरावर हात उचलला नाही. स्त्रियांना काचेची भांडी म्हटल्याची हदीस आपण फार आवडीने सांगतो. पण ते सांगितले होते उंट जोरात हाकणाऱ्या अंजशाला. सूचना हाकणाऱ्याला होती, हळू चालव म्हणून. बसलेल्या स्त्रियांना खाली उतरा असे कोणी म्हटले नव्हते. आणि उहुदच्या लढाईत माणसे पांगली तेव्हा पैगंबरांच्या बचावासाठी तलवार घेऊन उभ्या राहिलेल्यांत उम्मे उमारा (रजि.) होत्या, अंगावर जखमा झेलत.

खेळाच्या मैदानाने हा प्रश्न आपल्यापेक्षा सरळ सोडवला आहे. पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा, स्त्रियांचा 4 किलोचा. व्हॉलीबॉलची जाळी पुरुषांसाठी 2.43 मीटर उंच, स्त्रियांसाठी 2.24 मीटर. फरक मान्य केला, जाळी 19 सेंटिमीटर खाली घेतली आणि खेळ सुरू केला. पोशाखाची अडचण सांगणाऱ्यांसाठीही रस्ता निघाला आहे. वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2011 मध्ये हात-पाय झाकणारा पोशाख मान्य केला, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तच्या सारा अहमदने डोके झाकून 255 किलो उचलून कांस्यपदक घेतले. वय अठरा. आपल्याकडची निखत जरीन बॉक्सिंगमध्ये 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोनदा जगज्जेती झाली. तिच्या निकाहाची चिंता कोणी करत असेल तर करो.

त्या वडिलांना मी हे सगळे सांगायला हवे होते. कदाचित सगळे नाही, फक्त मदयनच्या विहिरीचे. ते कुरआन वाचणारे आहेत, ऐकले असते.

यंदाची यादीही माझ्याकडेच आहे. मुलगी आता दहावीत गेली आहे. सर्व्हिस अजून तशीच आहे, असे पीटीचे सर सांगतात, कारण मधल्या सुट्टीत ती खेळते आणि ते घरी कोणी विचारत नाही. तिचे नाव मी पुन्हा लिहिले आहे आणि जुम्माच्या नमाजनंतर तिच्या वडिलांना गाठायचे ठरवले आहे. संमतिपत्रावर त्यांची सही लागते. तिच्या अम्मीची चालेल का, हेही मुख्याध्यापकांना विचारून ठेवले आहे. त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही.